पुसेगावच्या गोष्टीतलं गाळलेलं वाक्य

यशवंता, तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला कैलासाला पाठवलं. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर, जवळा बाजारच्या भर चौकात, रंगीत.

झालं असं, की तुझ्या अंगणात सगळे रडत बसले होते आणि मला बसवेना. मला बसवतच नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणून उठलो, गाडीला किक मारली आणि औंढ्याला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, मजकूर कोणता?" मी म्हणालो, "नेहमीचा टाक." तुझा फोटो दिला, नाव दिलं, खाली 'शोकाकुल : समस्त शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी' टाकायला सांगितलं आणि बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो. संध्याकाळी फ्लेक्स लागला. सकाळी साडेसहाला तुझ्या सुजाताचा फोन.

"काका, फ्लेक्स वाचला का तुमी?"

"वाचला की. फोटो झकास आलाय."

"फोटो न्हाई हो. पप्पांच्या नावाच्या आधी 'कै.' हाय. कैलासवासी. वर ॐ हाय. आन् खाली 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' हाय. पप्पा असते तर हसून हसून पडले असते, काका. पण आईनं बघायच्या आत काढा."

तुम्हा बौद्धांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. तुझे वडील गेले तेव्हा पुण्यानुमोदनाची पत्रिका मीच लिहिली होती, माझ्या हस्ताक्षरात. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही. माहीत असलेलं नेमकं वेळेला हातातून गळतं, ही माझी जुनी खोड. ईश्वर नको, आत्मा नको, म्हणून जो माणूस बत्तीस वर्षं माझ्याशी भांडला, त्याला मी एका ओळीत दोन्ही चिकटवले आणि वर कैलासाचं तिकीटही काढून दिलं.

शिडीवर चढून मी तो फ्लेक्स स्वतः उतरवला. खाली चार माणसं उभी, चहाचे ग्लास हातात. गुंडाळी मांडीवर घेऊन पुन्हा औंढ्याला. फ्लेक्सवाला म्हणाला, "काहून सर, मेलेल्या माणसाला आत्मा नसतो व्हय?"

आणि मग, यशवंता, फ्लेक्सच्या त्या दुकानात, शाईच्या वासात उभं राहून मी त्याला अनात्मवाद समजावून सांगितला. मी! आयुष्यभर ज्या बाजूने भांडलो तिच्या बरोबर उलट्या बाजूने. तुझंच उदाहरण वापरलं, माझ्या मोटारसायकलचं. तू शाळेच्या शेडमध्ये तिच्याकडे बोट दाखवून विचारायचास, "टायर बदलले?" बदलले. "चेन?" बदलली. "टाकी?" ती तर दोनदा. "इंजिन?" खोललं होतं. "मग तीच गाडी हाय म्हणतोस ते कशावरून? हिच्या आत गाडीचा आत्मा कुठं बसलाय, दाखव बरं." मी म्हणायचो, "मग गाडीच न्हाई म्हण की!" तू म्हणायचास, "हाय ना. चालते तवर हाय. भाग जुळून आले म्हणून हाय, सुटले की न्हाई. माणसाचं बी तसंच. रडायचं काय त्यात?"

फ्लेक्सवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर हाय सर. पण मग शांती कोणाला द्यायची?"

आज बारा दिवस झाले, तोच प्रश्न घेऊन फिरून राहिलोय. तुझ्या हिशोबाने तू आता कुठेच नाहीस. वर नाही, खाली नाही, माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत तर मुळीच नाहीस. मग हे 'तू, तू' मी म्हणतोय तरी कोणाला? लिहिता लिहिता चारदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच, दोनदा दार उघडून बघायला. दारात कोणी नव्हतं.

*

आपला वाद मुळापासूनच होता. सिद्धार्थाने घर कशासाठी सोडलं इथपासून.

मला ती रथाची गोष्ट आवडायची. राजपुत्र फिरायला निघतो, त्याला म्हातारा दिसतो, मग आजारी, मग प्रेत, मग संन्यासी. गोष्ट सांगणाऱ्याला याहून चांगलं काय पाहिजे? एकामागून एक चार माणसं, प्रत्येकाला आवाज बदलून बोलता येतं. आमच्या घरात लग्नकार्याला, बारशाला, कुठेही चार डोकी जमली की "गजाकाका, गोष्ट" होतं. त्यात ही गोष्ट मी रंगवून सांगायचो. तू एकदा ऐकलीस आणि म्हणालास, "एकोणतीस वर्षांच्या माणसानं म्हातारा पायला न्हवता म्हणतोस? आन् त्याच्या बापाचे केस काय रंगवलेले होते?"

तुझी गोष्ट दुसरी. रोहिणी नदी. अलीकडे शाक्य, पलीकडे कोलिय. पाण्यावरून भांडण लागलं. शाक्यांच्या सभेत ठरलं, लढाई करायची. आणि हा एक तरणा माणूस सभेत उभा राहून म्हणाला, मी हात वर करणार नाही. वैराने वैर कसं मिटेल? आधी चौकशी करा, आपलंही चुकलं असेल. सभा एकीकडे, हा एकटा दुसरीकडे. त्यापायी त्याने घर सोडलं. तू ही गोष्ट सांगायला लागलास की आमच्या कालव्याच्या पाळीवरून भांडणारे दोन शिवारांतले लोकही गप्प ऐकायचे, कारण त्यांना वाटायचं तू त्यांचीच कागाळी सांगतोयस.

मी म्हणायचो, "तुझ्या गोष्टीत गंमत न्हाई. नुसती मीटिंग हाय."

तू म्हणायचास, "परक्यासमोर खरं बोलायला काय लागतं, गजा? आपल्या माणसायच्या मीटिंगमधी उभं राहून बघ."

मला तेव्हा वाटायचं, इतिहासाचा सर आहे, त्याला सभा आवडतात. इतकंच. माझी अक्कल ती केवढी.

दर रविवारी तू विहारात लेकरांचा वर्ग घ्यायचास आणि मी मागच्या भिंतीला टेकून बसायचो. बसायचो म्हणजे पाय बदलत राहायचो. फळ्यावर तू चार ओळी लिहायचास. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. ते थांबू शकतं. थांबवायची वाट आहे. मी पडलो शाळेचा क्लार्क, पहिल्या दिवशीच मागून म्हणालो, "सर, हे तर माझ्या टेबलावरचं टिपण झालं. तक्रार, कारण, निवारण, कार्यपद्धती." लेकरं हसली. तू खडू खाली ठेवलास. "इतक्या वर्षांत पयल्यांदा बराबर बोललास. बुद्धानं आकाशात काय हाय ते सांगितलंच न्हाई. तुझं कुठं दुखतं, काहून दुखतं, तेवढंच विचारलं." मी खूश. मग अष्टांगिक मार्ग. सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. आता लिहिताना बोटांवर मोजून लिहिली. तेव्हा दर वेळी माझं एक गळायचं, आणि दर वेळी वेगळं. तिसरीतली पोरगी मला मागे वळून सांगायची, "काका, आजीविका ऱ्हायली."

आणि ते ध्यान! पौर्णिमेला तू मला बळेच बसवलंस. "डोळे मीट. श्वास येतो, जातो, तो बघ. दुसरं काही करू नको." चार मिनिटं झाली नसतील, मी डोळे उघडून विचारलं, "किती झालं?" तू डोळे न उघडता म्हणालास, "तुला कशाची तरी घाई हाय, गजा. कशाची ते एकदा बघ."

हे सगळं मी आज हसत लिहून राहिलो. पण खरं जे लिहायचं ते बाजूला ठेवून इकडची-तिकडची भांडी घासतोय, हेही मला कळतंय.

*

पुसेगाव.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. आपण हिंगोलीला कॉलेजात, एका खोलीत राहात होतो. पुसेगावला माझ्या मामाच्या पोरीचं लग्न. मी तुला म्हणालो, चल, जेवायला जाऊ. मग गोष्ट अशी, की पंगतीत यशवंताने चौदा जिलब्या खाल्ल्या. पंधरावी हातात असताना पोटात असा काही गोळा उठला, की पठ्ठ्या भरल्या पंगतीतून उठला आणि धूम पळाला. आणि तिथून हिंगोलीपर्यंत चालत, प्रत्येक बाभळीमागे थांबत थांबत गेला! बाभळी मोजताना मी लोकांकडून मोजून घ्यायचो. एक! दोन! सातव्या बाभळीला माणसं डोळे पुसायची. स्टाफरूममध्ये सांगितली, सहलीच्या बसमध्ये सांगितली, सुजाताच्या पाचव्या वाढदिवसाला तुझ्याच घरात सांगितली. तू दर वेळी समोर बसून असायचास. हसायचास.

महिन्याभरापूर्वी मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात पुन्हा सांगितली. सातव्या बाभळीला टाळ्या. नंतर शेडमध्ये मी गाडी काढत होतो आणि तू जवळ आलास.

"गजा, त्या गोष्टीत तू एक वाक्य गाळतोस."

"कोणतं?"

"तुला माहीत हाय."

"अरे गंमत हाय ती!"

"गंमत हाय ना? मग ते वाक्य घालून सांग. गंमत ऱ्हाते का बघू."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हे, चोरी पकडल्यावर येतो तो घाम आला, पण तो रागासारखा बाहेर पडला. म्हणालो, "इतकं लागलं होतं तर बत्तीस वर्षं हसून काहून राहिला?"

तू विचारलंस, "वर्गात मी ती शिव्या देणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो, ध्यानात हाय?"

होती. एक माणूस बुद्धाला तोंडाला येईल ते बोलतो. बुद्ध विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का? येतात. त्यांना वाढतोस का? वाढतो. त्यांनी नाहीच घेतलं तर ते वाढलेलं कोणाचं? माझंच. मग हेही मी घेतलं नाही, बाबा. तुझ्याजवळच राहू दे.

"मी ते ताट घेतलंच न्हाई, गजा. म्हणून हसता आलं. पण तू अजून हातात धरून उभा हाय. हात दुखून राहिला आसंल."

मी किक मारली. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. तू तिथेच उभा होतास. इतकी अपमानास्पद माघार मी आयुष्यात घेतली नसेल.

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी बोललो नाही. दोन वाजता तू चहा घेऊन टेबलावर ठेवायचास आणि मी फायलीत डोकं घालून "नको" म्हणायचो. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचास. एकविसाव्या दिवशी चहा आला नाही. त्या दिवशी सकाळी तू गेला होतास.

आता मी कोणाला काय सांगू? माफी मागायला समोर माणूस लागतो. तुझा आत्मा मी मानला तर तू चिडणार, आणि नाही मानला तर माझी माफी जाणार कुठे? बघ, मेल्यावरही तू मला वादात अडकवून ठेवलंस.

*

काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. पांढरी चादर, तुझा फोटो, मेणबत्त्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मीही पांढरा सदरा घातला होता, पण इस्त्री करताना बाहीवर डाग पाडला. भन्तेंनी त्रिशरण, पंचशील दिलं. मीही पाठोपाठ म्हटलं. चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, माझा आवाज आपोआप बारीक झाला. शेजारी शाळेतले शिपाई भाऊ होते, ते खणखणीत म्हणत होते.

मग लोक बोलले. तुझे विद्यार्थी, सरपंच. शेवटी सुजाताने माईक माझ्यासमोर धरला. "काका, पप्पांची पुसेगावची गोष्ट सांगा. पप्पांना आवडायची."

पप्पांना आवडायची! समोर वहिनी बसल्या होत्या. बायकांमध्ये आमची शोभा होती. लोकांच्या चेहऱ्यावर हसू आधीच येऊन बसलं होतं. गोष्ट माहीत असल्यावर लोक असेच बसतात, पदर, रुमाल तयार ठेवून. आणि यशवंता, तुझ्यापासून काय लपवायचं, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडात जिलबीच आली. सुरुवात तीच केली. चौदापर्यंत मोजलंही. लोक हसले. मला बरं वाटलं. मला वाटलं, आज राहू दे. मरणाच्या घरी चार माणसं हसली तर वाईट काय?

पंधराव्या जिलबीला माईक शिट्टी वाजवायला लागला. मी माईक खाली ठेवला आणि तसाच बोललो.

म्हणालो, पोट दुखलं नव्हतं. चौदा जिलब्या नव्हत्या, दोन होत्या. पंगतीत एका पाहुण्याने यशवंताला ओळखलं, कुठला, कोणाचा, ते त्याने मामाच्या कानात सांगितलं. मामा वाढायची बादली घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "गजा, ह्याला तू आणलास व्हय रे?" सगळी पंगत हात थांबवून बघत होती. यशवंत माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. आणि मी म्हणालो, "न्हाई मामा. मी वळखत न्हाई ह्याला."

हे ते वाक्य.

यशवंतानं माझ्याकडे एकदा बघितलं. पत्रावळ दुमडली, स्वतःची स्वतः उचलली आणि निघून गेला. पळाला नाही. चालत गेला. मी उरलेली पंगत जेवलो. दुसऱ्या दिवशी खोलीवर गेलो तर त्याने स्टोव्ह पेटवलेला. मला म्हणाला, "चहा घेतोस?" मी म्हणालो, "घेतो." त्यावर आमचं बोलणं झालं नाही. त्या जिलब्या, त्या बाभळी, सगळं मी नंतर रचलं. माझी लाज झाकायला त्याचं पोट बिघडवलं. आणि तुम्हाला सगळ्यांना बत्तीस वर्षं हसवलं.

बाहेर कोणाचं तरी लेकरू पाणी मागत होतं, तेवढाच आवाज. मला वाटत होतं, वहिनी उठून आत जातील. सुजाता काहीतरी बोलेल. बोलावं असं वाटत होतं. सुजाताने खाली ठेवलेला माईक उचलला, बटण बंद केलं आणि बाजूला ठेवला. भन्तेंनी डोळे मिटले होते, ते उघडले नाहीत.

नंतर जेवणं झाली. वहिनींनी माझ्यासमोर ताट आणून ठेवलं. "बसा भाऊजी," म्हणाल्या. दुसरं काही नाही. मी बसलो. वरण-भात होता, वांग्याची भाजी होती. त्यांना माहीत होतं का आधीपासून? तू सांगितलं होतंस? विचारायचा धीर झाला नाही. तू असतास तर तुला विचारलं असतं, आणि तू म्हणाला असतास, "कारण शोध, गजा. मीच काहून सांगू?"

निघताना तुझ्या दोन विद्यार्थ्यांनी माझे हात हातात घेतले. एक म्हणाला, "सर, मोठं काळीज लागतं असं बोलायला." मला, काय सांगू, छान वाटलं. मी मान खाली घातली. ज्या पद्धतीने घातली ती पद्धत मला नंतर आठवत राहिली.

जवळ्याहून औंढ्यापर्यंत शोभा मागे बसून एक शब्द बोलली नाही. मी मधे दोनदा विचारलं, थंडी वाजते का, पदर सांभाळला का. माझ्या मनात होतं, आता तरी म्हणेल, बरं केलंत. घरासमोर गाडी लावली. ती उतरली, कुलूप उघडलं, आणि उंबऱ्यातच वळून उभी राहिली.

"खरं बोललात," ती म्हणाली. "पण बोलताना तुमी लोकायकडं बघून राहिले होते, कोण रडतंय ते. मला दिसलं."

मी गाडीची चावी काढली.

"आन् तिथं काय, सगळी त्येंचीच माणसं. समदे माफ करायलाच बसलेले. पुसेगावहून मामीच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आलीय, परवा. तुमच्या टेबलावर ठेवली हाय. जाऊ आपण. पंगत बसली की उभं राहून सांगा. जेवायच्या आधी सांगा, मागून न्हाई."